काळ्या चिखलासाठी म्हसळ्यापर्यंत

कमरेपर्यंत चिखलात रुतले होते आणि हाक मारायची तर एकच नाव होतं. ते मला घ्यायचं नव्हतं.

म्हसळ्याच्या खालच्या अंगाला खाडी आहे. तिच्या काठी जांभ्या दगडाचा एक जुना धक्का आहे. पूर्वी तिथं भाताची आणि कोळशाची गलबतं लागायची म्हणतात. आता काही लागत नाही. त्या धक्क्यापासून थोड्या अंतरावर मी उभी होते. उभी म्हणजे काय, पाय खाली कुठे टेकत नव्हते आणि चिखल पडू देत नव्हता. ओहोटी संपली होती. भरतीचं पाणी चिखलावरून पातळ पातळ सरकत माझ्याकडे येत होतं. हातातला डबा मी अजून सोडला नव्हता. त्यात काठोकाठ काळा चिखल होता. त्याच्यासाठीच आत शिरले होते.

एक पाय ओढला की दुसरा आणखी खाली जायचा. घाबरले होते, पण राग जास्त आला होता. धक्क्यावर माझी जाऊ वेणू माझ्याकडे पाठ करून चित्र काढत बसली होती. हाक मारली असती तर ती धावत आली असती. ती तशीच आहे. तिने मला काढलं असतं, आणि मग मरेपर्यंत मला ते ऐकावं लागलं असतं. तिच्या तोंडून नाही, ती बोलत नाही. सगळ्या गावाच्या तोंडून.

म्हणून पाणी बेंबीला लागेपर्यंत मी गप्प राहिले.

घरून निघताना

वेणू माझी धाकटी जाऊ. आमचं गाव उरण आणि पेणच्या मधलं, मिठागरांचं. तिचं माहेर आत डोंगराकडे, भात लावणाऱ्यांचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला मिठाचं काही म्हणजे काही येत नव्हतं. मीठ धरायच्या आधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवावा लागतो, नाहीतर मीठ मातीत मिसळतं. बायका रांगेत उभ्या राहतात आणि टाचा मारत मारत पुढे सरकतात. तुडवलं की चिखल बसतो, आणि बसला की फरशीसारखा घट्ट होतो. हे वेणूला मी शिकवलं. ती रांग मोडायची. मध्येच थांबून आभाळाकडे नाहीतर मिठाच्या ढिगाकडे बघत राहायची. मी मागून ढोसायची तिला. आता चित्रकलेच्या मॅडम म्हणतात, ती तेव्हापासून बघत होती म्हणून आज चित्र काढते. असेल. ती बघत होती तेव्हा तिच्या वाटणीचं मी तुडवत होते.

पुढे मिठागर गेलं. त्यावर भराव पडला आणि भरावावर ट्रक उभे राहिले. ट्रक आमच्याच घरातल्या पोरांचे आहेत, त्यामुळे रडायची सोय नाही. भराव पडायच्या आधी वेणूने तिथला काळा चिखल डब्यात भरून आणला आणि वाळवून ठेवला. आम्ही सगळे हसलो. मग त्या चिखलाने, चुलीच्या राखेने आणि जुन्या पत्र्याच्या गंजाने तिने परसातल्या भिंतीवर आमचं मिठागर काढलं. कोणीतरी फोटो काढला. तो मोबाइलवरून कुठे कुठे फिरला, आणि एक दिवस मुंबईहून नीलिमा मॅडम गाडी घेऊन दारात आल्या. त्या चित्रकला शिकवतात.

मीही जन्मभर भिंती सारवल्या. माझ्या भिंतीचा फोटो कोणी काढला नाही.

मॅडमचा बेत असा होता. किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचं. जिथे जिथे माणसांनी जुने धंदे केले, चुन्याच्या भट्ट्या, चिऱ्यांच्या खाणी, धक्के, तिथला चुना, माती, गंज घ्यायचा आणि त्याच रंगांनी वेणूने चित्र करायचं. नंतर ते अलिबागला एका हॉलमध्ये लागणार होतं. वेणू म्हणाली, "बाय येत असंल तर मी येन." बाय म्हणजे मी. मला वाटलं, थोरल्या जावेचा मान ठेवला. गाडीत बसल्यावर मॅडम फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "हो, वेणूताई आहेत, आणि त्यांच्यासोबत एक बाई आहेत."

त्या एक बाईने पेण येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

गाडीच्या टपावर उघाडीची फळी दोरीने बांधली होती. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ते वर केलं की खाडीचं पाणी आगरात येतं, खाली सोडलं की अडतं. आगर गेलं, दार राहिलं. जाड सागाची, माणसाएवढी फळी, वर लोखंडी कडी. वेणूला चित्र त्या फळीवरच काढायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "काय कल्पना आहे!" मी म्हटलं, "माझ्या पोरानं जळणाला फोडायला काढली व्हती ती." त्यावर मॅडमनी मान हलवली, जशी लहान पोर मध्ये बोललं की हलवतात.

किहीम

पहिला मुक्काम किहीमला, नारळाच्या वाडीतल्या एका कॉटेजात. गादी इतकी मऊ की माणूस रुततो. मी चटई मागून घेतली. सकाळी नाश्त्याला घावणं आणि नारळाचा गोड रस. आमच्याकडे घावण्याबरोबर सुक्या जवळ्याची चटणी असते, म्हणजे घावणं आहे हे तोंडाला कळतं. इथे सगळं पाहुण्यांच्या जिभेचं झालंय. वाडी मात्र खरी आहे. पोफळी, नारळ, खाली गार सावली, आणि पलीकडे समुद्र असा उभा, जणू तोही भाड्याने ठेवलाय.

तिथं पुण्याकडची एक बाई उतरली होती. मॅडमनी तिला वेणूबद्दल सांगितलं, तशी ती हरखली. तिला वेणूबरोबर फोटो हवा होता. फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "आजी, इथे नुसतं दाबायचं हं, जमेल ना?" मी दाबलं. दोघींची डोकी कापली गेली. ते मुद्दाम नव्हतं. दुसऱ्यांदा काढला तेव्हा कापली गेली, ते मुद्दाम होतं.

वेणू कॉटेजापुढच्या खळ्यात फळी आडवी टाकून तिला डिंकाचं पाणी लावत होती. तिने मॅडमनी दिलेली नवी पाचवारी साडी नेसली होती. जन्मभर आम्ही दोघी नऊवारी काष्टा घालून चिखलात उभ्या. मी म्हटलं, "पाचवारीत चालता येतं का गो तुला?"

"सवय न्हाय अजून," ती म्हणाली. "पाय अडकतंय."

"मंग कशाला नेसलीस?"

"त्यांनी दिली म्हनून."

असं सरळ उत्तर दिलं की भांडणच होत नाही. हा तिचा जुना खोडसाळपणा आहे.

रेवदंड्याच्या पुढे

रेवदंडा ओलांडून एका गावाबाहेर चुन्याची जुनी भट्टी होती. शिंपल्या जाळून चुना करायचे तिथे. आता गोल भिंत उरलीय, अर्धी पडलेली, आणि तिच्या डोक्यावर उंबर उगवलाय. आमच्या लहानपणी घर बांधायला असाच चुना यायचा. पायाला लागला की भेगांत आग व्हायची. वेणूने भिंतीच्या सांध्यातला चुना खरवडून घेतला, भिजवला, गाळला, आणि फळीवर मिठाचे ढीग काढायला बसली. मागे तिने भट्टीही काढली, डोंगरासारखी दिसेल अशी.

मी बघत होते. शेवटी राहवलं नाही. "भट्टी वाकडी झालीय तुजी."

तिने वर बघितलं. "भट्टी हायच वाकडी, बाय."

मी बघितलं. खरंच वाकडी होती. डाव्या अंगाला पोट सुटल्यासारखी. मी इतका वेळ तिच्यासमोर बसले होते आणि मला दिसलं नव्हतं. अशा वेळी कौतुक वाटायला हवं म्हणतात. मला दातात खडा आल्यासारखं झालं.

मॅडम फोटो घेत होत्या. म्हणाल्या, "हिराताई, जरा बाजूला होता का? चित्रावर तुमची सावली पडतेय."

झाले बाजूला.

आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट बोटीने गेलो. ही सोय फार चांगली आहे. गाडी बोटीत, माणूस गाडीत, आणि समुद्र खाली फुकट. मी घरून आणलेली भाकरी आणि जवळ्याची चटणी काढली. वासाने शेजारच्या गाडीतले लोक आधी नाकाला रुमाल लावून बसले, मग त्यातली एक पोरगी येऊन म्हणाली, "आजी, थोडं टेस्ट करू?" डब्यातलं निम्मं तिनंच संपवलं. बोट लाटेवर चढली की टपावरची फळी हलायची. वेणू गाडीबाहेर उभी राहून दोन्ही हातांनी दोरी धरून होती, जणू फळी नाही, आजारी नवरा आहे. पडली समुद्रात तर बरं, असं माझ्या मनात आलं. आलं ते लिहिते.

हरिहरेश्वर

हरिहरेश्वरला देवळामागून डोंगराला वळसा घालून प्रदक्षिणेची वाट आहे. ती खडकांवरून समुद्राच्या कडेने जाते, म्हणून ओहोटीलाच जायचं असतं. लाटांनी खडक असा खाल्लाय की मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत. वेणू पहिल्याच खडकापाशी अडकली. बोट भोकांवरून फिरवत बसली. मी प्रदक्षिणा पुरी केली, गुडघे दुखत असताना. देवासमोर हात जोडले आणि स्पष्ट मागितलं. म्हटलं, देवा, अलिबागच्या त्या भिंतीवर माझंही काहीतरी लागू दे. तिच्या शेजारी. लहान असलं तरी चालेल.

दुपारी एका घरगुती खानावळीत जेवलो. पाटावर नाही, टेबलावर, पण केळीच्या पानावर. वालाचं बिरडं, सोलकढी, उकडीचा मोदक. आमच्या बिरड्याला लसणाची फोडणी असते, त्यांच्यात गूळ. वाईट नव्हतं. वाढणाऱ्या बाईंनी वेणूला आणखी एक मोदक वाढला, कारण मॅडमचं त्यांनाही सगळं सांगून झालं होतं. मी पान पुढे सरकवलं तेव्हा मोदक संपले होते.

गावाबाहेर चिऱ्यांची बंद पडलेली खाण आहे. जांभा कापून कापून जमिनीत मोठी चौकोनी खोली झालीय, भिंतींवर कुऱ्हाडीचे वार अजून दिसतात. मॅडमनी तिथले लाल तुकडे आणले. मुक्कामाच्या अंगणात वेणू पाट्यावर ते वाटत बसली. आणि मी गाडीतून एक लहान प्लायची पाटी काढली, थोडं लाल वाटण घेतलं, थोडा चुना घेतला, डिंकाचं पाणी घेतलं, आणि विहिरीमागे जाऊन बसले.

कोणाला विचारलं नाही. चिखल, चुना, लाल माती. यातलं काय मी जन्मात हाताळलं नाही? मिठागर काढलं. वाफे काढले, बांध काढला, रांगेतल्या बायका काढल्या. पुढे मी, मागे बाकीच्या. वेणू सगळ्यात मागे, रांगेबाहेर.

मॅडमनी ते पाहिलं. "अरे वा! छान आहे हं, हिराताई!" म्हणाल्या. नातवाने सांगून शी केली की आपण जसं छान म्हणतो, तसं छान. मग त्या फोनकडे वळल्या.

वेणूने पाटी हातात घेऊन बराच वेळ बघितली. मला वाटलं, जळली. मग म्हणाली, "बाय, तू आगर लाल केलास."

"मंग?"

"आपला तळ काला व्हता गो. काला न्हाय तर मीठ धवलं कसं दिसंल?"

बरोबर होतं. म्हणूनच झोंबलं. तिच्याकडे आमच्या आगराचा काळा चिखल होता, त्या जुन्या डब्यात, थोडासाच उरलेला. मागितला असता तर तिने दिला असता. म्हणूनच मागितला नाही.

म्हसळ्याची खाडी

तिथून म्हसळ्याच्या बाजूला वळलो. समुद्र मागे राहतो, डोंगर जवळ येतात, पण खाडी मात्र आपल्याबरोबर आत आत येत राहते. धक्क्याजवळच्या वाडीत रुकय्याबीच्या घरी उतरलो. मुलगे आखातात, घर मोठं, फरशी आरशासारखी, आणि राहायला ही एकटी. वय माझ्याएवढं. ओहोटीला खाडीत उतरून कालवं फोडून आणते. गरज नाही, पण घरात बसवत नाही म्हणाली. ते मला पटलं.

तिच्या हातची तांदळाची भाकरी माझ्या भाकरीपेक्षा पातळ होती. एवढंच म्हणते. कालवांच्या कालवणाला तिने नारळ फार घातला नव्हता, म्हणून कालवांची चव लागत होती. मी विचारलं, "पीठ उकडून घेतेस का?" ती म्हणाली, "व्हय. तू?" मी म्हटलं, "मीपन." मग आम्हाला एकमेकींचं बरं वाटलं. सगळ्या प्रवासात माझ्या हाताबद्दल विचारणारी ही पहिली बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणू फळी धक्क्यावर नेऊन बसली. चित्र जवळजवळ झालं होतं. मला आवडलं नसतं तर सोपं झालं असतं. राखेचं आभाळ, चुन्याचे मिठाचे ढीग, मागे ती वाकडी भट्टी आणि लाल खाण, आणि खाली आमचं आगर, आमच्याच काळ्या चिखलाने. ओल्या रंगावर तिने मिठाचे खडे पेरले होते, ते विरघळून पांढरी फुलं उठली होती. चित्रासमोर उभं राहिलं की टाचांना गारवा लागत होता. मॅडम धक्क्याच्या कडीचा गंज खरवडत होत्या. रुकय्याबी लांब खडकाशी कालवं फोडत होती.

खाडी ओसरली होती आणि चिखल उघडा पडला होता. काळा. निळसर काळा, उन्हात चकाकणारा. मला जसा हवा तसा. मी डबा घेतला, काष्टा वर खोचला आणि उतरले.

पहिली चार पावलं बरी पडली. मग घोट्याच्या वर गेले. भ्यायचं काय त्यात, चिखलातच हाडं झिजली आहेत. आमच्या आगरात पाय आत जायला लागला की एकच उपाय. जागच्या जागी टाचा मारून तुडवायचं, म्हणजे खालचा चिखल बसतो आणि उभं राहायला जागा होते. मी तेच केलं. डबा भरून घेतला आणि तुडवायला लागले. जोर लावून, सुनेला शिकवतात तसं.

आमच्या आगराचा चिखल माणसांनी वर्षानुवर्षं तुडवलेला असतो. खाली तळ असतो. खाडीच्या चिखलाला तळ नाही. तुडवला तसा तो पातळ झाला. गुडघा गेला. मी आणखी जोरात तुडवलं. मांडी गेली. कंबर गेली तेव्हा कळलं, मी स्वतःला स्वतःच्या पायाने पुरलं.

बाकी पहिल्याच पानावर सांगितलंय. पाणी बेंबीला लागलं आणि मी ओरडले, "वेणे!"

तिने वळून बघितलं आणि हातातलं सगळं टाकून उठली. तशीच चिखलात उडी घालणार, तेवढ्यात रुकय्याबी ओरडत आली, "उतरू नको! दोघी जाल! फळी आन, फळी!" मग माझ्याकडे, "पाय मारू नको गो बाय! मारशील तेवढा घेईल तो! गप उभी ऱ्हा!"

फळी. घर लांब होतं. जवळ एकच फळी होती.

मॅडम म्हणाल्या, "ती नको, ती नको, थांबा, मी गाडीतून काहीतरी..." त्या चांगल्या आहेत. माणूस घाबरला की तोंडातून काय निघेल ते त्याच्या हातात नसतं. वेणूने त्यांच्याकडे बघितलंही नाही. चित्राची बाजू वर ठेवून तिने फळी धक्क्यावरून चिखलात सोडली. टपावरची दोरी फळीच्या कडीला बांधली. दोरी तोकडी पडली, तेव्हा तिने अंगावरची, मॅडमनी दिलेली पाचवारी फेडली, दोरीला गाठ मारली, दुसरं टोक रुकय्याबीच्या हातात दिलं आणि परकर-पोलक्यावर फळीवर चढली.

"एक गुडघा फलीवर!" रुकय्याबी सांगत होती. "दुसऱ्या पायानं मागं ढकल! हां, अशी! चिखलातली निवटी मासळी धरायला जातात तशी!"

वेणू ऐकत गेली. मी असते तर मला येतं म्हणाले असते. तिला चिखलाचं कधीच काही येत नव्हतं, म्हणून तिने सांगितलं तसं केलं. फळी सरकत सरकत माझ्या छातीशी आली. तिचा गुडघा मिठाच्या ढिगात रुतलेला मला दिसला.

मी म्हटलं, "वेणू, चित्र."

"पड त्याच्यावर."

"अगो, ओलं हाय अजून..."

"पड त्याच्यावर, म्हशी! मेल्यावर बग चित्र!"

इतक्या वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती. मी पडले. छाती, पोट, गाल, सगळं त्या आगरावर टेकवलं. नाकात डिंकाचा आणि राखेचा वास गेला. ती फळीवरून उतरून चिखलात आडवी झाली आणि माझ्या काखेत हात घातला. रुकय्याबी ओरडत होती, "पाय ओढू नको, नुसता हलव! पानी शिरू दे खाली! पानीच सोडवंल तुला!"

ते खरं निघालं. ज्या भरतीला मी भीत होते, तिचंच पाणी पायाशी शिरलं आणि चिखलाने धरलेलं सोडलं. आधी एक पाय आला, मग दुसरा. रुकय्याबी आणि मॅडमनी साडी ओढली. फळी तरंगली. मी तिच्यावर पालथी, वेणू कडेला लोंबकळत, अशा आम्ही धक्क्याला लागलो, गलबतं लागायची तिथे. डबा माझ्या मुठीत होता. बोटं उघडेनात.

रुकय्याबीने माझ्यावर कढत पाणी ओतलं आणि मुलाने आखातातून पाठवलेला फुलाफुलांचा गाऊन घातला. जन्मात पहिल्यांदा मी गाऊन घातला. वेणू हसली. तिचे दात वाजत होते, तरी हसली.

मॅडम फळीपाशी बसून रडत होत्या. चित्र गेलं होतं. मध्यभागी आगराच्या जागी एक जाडी म्हातारी उमटली होती. गालाचा ठसा, दोन्ही थानं, पोट, पसरलेले हात. बाजूला ढिगात वेणूचा गुडघा. आभाळ तेवढं जागच्या जागी होतं.

वेणू चहाचा कप घेऊन फळीसमोर उभी राहिली. बराच वेळ. मला तिचं ते उभं राहणं ओळखीचं आहे. अशीच रांग सोडून उभी राहायची. पूर्वी मी ढोसायची. या वेळी ढोसलं नाही.

"डबा दे," ती म्हणाली.

मी दिला.

"यासाठी गेलीस?"

"व्हय."

"मागायचा व्हतास माज्याकडं. मी दिला असता."

"म्हायती हाय."

तिने डब्यातला चिखल डिंकात कालवला आणि माझ्या आकाराभोवती भरत बसली. आतल्या मला हात लावला नाही. बाहेर सगळं काळं केलं. काळं झालं तशी मी पांढरी दिसायला लागले, कारण ठशात चुना आणि मीठ दाबलं गेलं होतं. तिचं म्हणणंच खरं. काळं नसेल तर पांढरं दिसत नाही.

अलिबाग

हॉलमध्ये ती फळी मधल्या भिंतीवर लागली. लोक येत होते आणि तिच्यासमोर थांबत होते. खाली पाटीवर नाव होतं, वेणूचं. माझं विहिरीमागचं लाल चित्र लागलं नाही. ते मी घरी कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून लावलंय, तिथं ते बरं दिसतं. हरिहरेश्वराने माझं ऐकलं म्हणायचं, पण नीट ऐकलं नाही. भिंतीवर मी लागले, आणि नाव तिचं लागलं.

मी तिला म्हटलं, "माजं नाव कुठं हाय?"

"नाव कशाला गो?" ती म्हणाली. "तू अख्खी हाईस की तिथं."

हे लोकांना फार आवडलं. दोघातिघांनी मोबाइलवर लिहून घेतलं. आणखी एक गोष्ट तिच्या नावावर गेली.

तेवढ्यात एक तरुण जोडपं आलं. बाई चित्राकडे बघून हळूच वेणूला म्हणाली, "किती भयंकर! ही बाई कोण होती हो? बुडाली का बिचारी?"

वेणूने माझ्याकडे बघितलं. सांगायचं काम माझ्यावर सोडलं. एवढं तरी सोडलं.

मी पुढे झाले. या वेळी माझी सावली चित्रावर पडली तरी कोणी बाजूला हो म्हणालं नाही. मी म्हटलं, "बुडाली नाही. ती मी. हिने काढलं. दोघी जिवंत आहोत."